पहिली खेप रिकामी

व्हिएन्नात पाटी नसलेली घरं शोधायला मला चार वर्षं लागली. इथे अमका संगीतकार राहिला, इथे तमका मेला, इथे त्याच तमक्याला घरमालकिणीने जिन्यावरून ढकललं. जिथे बघावं तिथे संगमरवरी पाटी. मी सरकारी परीक्षा दिलेली, छातीवर बिल्ला लावणारी गाइड आहे. सव्वीस वर्षं मी लोकांना या पाट्यांखाली उभं करून माना वर करायला लावल्या. मग एक दिवस माझंच डोकं फिरलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला माझी नवी पायी फेरी निघते. तिचं नाव ‘जिथे काहीही घडलं नाही’.

पर्यटक तिच्याकडे फिरकत नाहीत, त्यांना काहीतरी घडलेलं लागतं. येतात ते आमचेच, पेन्शनीतले, गुडघे धरून चालणारे व्हिएन्नावाले. एखाद्या करड्या घरासमोर मी त्यांना थांबवते आणि सांगते, “अठराशे बारापासून आजपर्यंत या घरात कोणी थोर माणूस जन्मला नाही, मेला नाही, दारू पिऊन पडलासुद्धा नाही.” लोकांना बरं वाटतं. एक बाई तर दर वेळी डोळे पुसतात.

मे महिन्यातल्या त्या रविवारी सात जण होते. सर्वांत पुढे होफराट साहेब, म्हणजे दरबारी सल्लागार. दरबार बंद पडून शंभर वर्षं झाली, पण सल्ला अजून चालू आहे. त्यांच्या मागे डॉक्टरीणबाई. डॉक्टर त्यांचे यजमान होते, दातांचे, आणि ते बारा वर्षांपूर्वी वारले. पदवी मात्र ठणठणीत आहे. आणि सर्वांत मागे, टोपी हातात घेऊन, एंगेलबर्ट प्रुकनर. हे लिफ्टचे निवृत्त इन्स्पेक्टर. पस्तीस वर्षं त्यांनी शहरातल्या लिफ्ट तपासल्या आणि त्यांच्या सहीची एकही लिफ्ट कधी पडली नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, चाललीही नाही. बाईंच्या घरची लिफ्ट नऊ वर्षं तपासणीत होती.

प्रुकनर माझ्या फेरीला पहिल्यांदाच आले होते. दुसऱ्या घरापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि इथल्या रीतीप्रमाणे माझ्या एम.ए.च्या पदवीने हाक मारली.

“मागिस्टर बाई, आपण साडेअकराच्या सुमारास काफे ब्लाशेकवरून जाणार ना?”

“जाणार. का?”

“काही नाही. आपलं सहज.”

“इन्स्पेक्टर, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय आहे ते सांगा.”

मग त्यांनी सांगितलं. हेडविग त्स्वेटलर नावाची विधवा बाई, हातमोज्यांचं दुकान होतं त्यांचं. एकोणीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी दोघं एका नाचाच्या वर्गाला जातात. तिथे प्रुकनर त्यांना कमरेला धरून दोन तास गोल गोल फिरवतात. मग दोघं ब्लाशेकमध्ये जातात आणि बसतात ते वेगवेगळ्या टेबलांवर. त्यांचं त्यांचं, यांचं यांचं. मध्ये टोप्या अडकवायचा खांब. खांबाच्या अलीकडून पलीकडे बोलतात. एकोणीस वर्षं!

“आणि या गुरुवारी त्या म्हणाल्या,” प्रुकनरांचा आवाज बारीक झाला, “रविवारी बाराच्या आत माझ्या टेबलावर येऊन बसलात तर मी इथे राहीन. नाहीतर एकच्या गाडीने ग्रात्सला बहिणीकडे जाईन, कायमची.”

“मग सरळ तिथेच जायचं ना! माझ्या फेरीत काय करताय?”

“एकट्याने जायला बरं दिसत नाही. फेरीबरोबर गेलं की कसं... ओघानेच गेल्यासारखं.”

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर माणूस आवडला. एवढा उंच, कोट इस्त्रीचा, आणि बाईसमोर बसायला सात म्हाताऱ्यांचा जथा लागतो. मी ठरवलं, याला टेबलापर्यंत पोहोचवायचं. दोन घरं मी पटापट उरकली. तशीही तिथे काही घडलेलं नव्हतं.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही ब्लाशेकसमोरच्या फुटपाथवर आलो. मध्ये सात पावलांची गल्ली. सिग्नल लाल. आमच्या सिग्नलमध्ये एकटा माणूस नसतो, जोडपं असतं, हातात हात धरलेलं, मध्ये बदाम. लाल जोडपं उभं, हिरवं जोडपं चालतं. आम्ही थांबलो.

पाच मिनिटं गेली. गल्लीत गाडी नाही, घोडा नाही, कुत्रंसुद्धा नाही. कोणी काही बोललं नाही. लालपुढे उभं असताना बोलणं म्हणजे तक्रार केल्यासारखं होतं. एक सायकलवाला आला. त्याला हिरवा होता, पण इतकी माणसं उभी बघून तोही उतरला आणि उभा राहिला. मागून आणखी लोक येत गेले. दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई होफराटांना म्हणाल्या, “आज जरा निवांत दिसतोय.”

“रविवार आहे,” होफराट म्हणाले.

प्रुकनर समोर बघत होते. ब्लाशेकच्या मोठ्या खिडकीत त्स्वेटलरबाई बसल्या होत्या. राखाडी कोट, कडक पाठ, पायाशी तपकिरी सुटकेस. त्यांनी यांना पाहिलं. एक भुवई वर गेली. यांनी टोपी किंचित उचलली. भुवई वरच राहिली.

“हा सिग्नल बिघडलाय,” मी मोठ्याने म्हणाले. कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो बिघडवलाय. एकाने दिव्यांच्या खात्याला फोन लावला. माणूस निघालाय, असं उत्तर मिळालं.

“इन्स्पेक्टर, पुढच्या कोपऱ्यावर दुसरा सिग्नल आहे,” मी त्यांच्या कानात म्हणाले. “तीन मिनिटांत वळसा घालून याल.”

“म्हणजे तिच्याकडे पाठ करून चालू लागू? अकरा चाळीसला? ती काय समजेल?”

यात तथ्य होतं. मी घड्याळ बघितलं.

“मग असेच जा. गाडी नाही, काही नाही. सात पावलं आहेत.”

“मागिस्टर बाई!” डॉक्टरीणबाईंनी हात छातीवर ठेवला. “लेकरू बघतंय!”

खरंच बघत होतं. आमच्या मागे एक तरुण बाप बाबागाडी घेऊन उभा होता, आणि गाडीत आठ महिन्यांची फ्लोरा डोळे टक्क उघडे ठेवून सिग्नलकडे बघत होती. आता आमच्या शहरात माणूस एक वेळ बायकोला फसवेल, पण मुलासमोर लाल ओलांडणार नाही. मूल शिकतं. मूल मग तेच करतं.

होफराट साहेबांनी घसा साफ केला. चाळीस वर्षं त्यांनी कुठल्याशा खात्यात मतं दिली होती. “माझ्या मते,” ते म्हणाले, “मूल बघत असताना ओलांडणं हे समाजाविरुद्धचं पाप. मूल बघत नसताना ओलांडणं हा माणूस आणि देव यांच्यातला मामला. आणि देव आपला कॅथलिक आहे, तो मिटवून घेतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे मुलीला झोपवा.”

मग काय विचारता! वीसेक मोठी माणसं बाबागाडीभोवती गोळा झाली. कोणी गाडी हलवली, कोणी खुळखुळा काढून घेतला, कोणी वॉल्ट्झ गुणगुणू लागलं. त्यावर फ्लोरा हसून टाळ्या पिटू लागली. सायकलवाल्याने घंटी वाजवून बघितली, त्याला सगळ्यांनी मिळून झापलं. शेवटी बाप काकुळतीला येऊन म्हणाला, “काहीतरी कंटाळवाणं सांगा हो कोणीतरी.”

सगळे माझ्याकडे वळले. एकानेही जराही वेळ घेतला नाही, हे मी आयुष्यभर लक्षात ठेवणार आहे.

मी बिल्ला सरळ केला आणि आमच्या पाठीमागच्या घराबद्दल सुरुवात केली. “हे घर अठराशे सदतीसमध्ये बांधलं. बांधणाऱ्याचं नाव माहीत नाही. अठराशे चाळीसमध्ये त्याला रंग दिला. रंग पूर्वीचाच होता...” दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचायच्या आत फ्लोरा झोपली. होफराटही झोपले, उभ्या उभ्या.

“जा!” मी प्रुकनरांना ढकललं. “पावणेबारा झालेत. जा!”

प्रुकनरांनी टोपी घातली, कोटाची बटणं लावली, उजवा पाय उचलला. आणि समोरच्या कोपऱ्यावरून पाद्री आला.

त्याच्या मागे चर्चमधून पहिला प्रसाद घेऊन निघालेली मुलं. पांढरे झगे, काळे सूट, हातात मेणबत्त्या, केसांत फुलं. बत्तीस मुलं. ती येऊन समोरच्या फुटपाथवर, ब्लाशेकच्या दारापाशी, तीन रांगांत उभी राहिली आणि लाल जोडप्याकडे बघू लागली. आयुष्यात इतकी पवित्र ती पुन्हा कधीच असणार नव्हती.

प्रुकनरांनी पाय खाली ठेवला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

माझ्या फेरीचं वाटोळं झालं होतं ते वेगळंच. पुढच्या रविवारी मी या घराला कुठल्या तोंडाने काहीही न घडलेलं घर म्हणणार होते?

बाराला आठ कमी असताना ब्लाशेकचं दार उघडलं आणि त्स्वेटलरबाई बाहेर आल्या. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात बशीसकट कॉफीचा कप. त्यांच्या मागे वेटर, चांदीच्या तबकात पाण्याचा ग्लास घेऊन. कॉफी कुठेही गेली तरी पाण्याने तिच्याबरोबर जायचं, हा ब्लाशेकचा नियम. मुलांनी त्यांना वाट करून दिली. त्या अगदी कडेला येऊन उभ्या राहिल्या.

“इन्स्पेक्टर प्रुकनर!”

“त्स्वेटलरबाई. नमस्कार.”

“काय करताय?”

“उभा आहे.”

“ते दिसतंय. एकोणीस वर्षं दिसतंय.”

आमच्या बाजूला कोणीतरी खुसखुसलं. प्रुकनरांचे कान लाल झाले.

“सिग्नल बिघडलाय,” ते ओरडले. “मी वेळेत निघालो होतो. मागिस्टर बाईंना विचारा!”

“वेळेत निघाले होते!” मीही ओरडले. “माणूस चांगला आहे!”

“चांगला आहे ते मला माहीत आहे हो,” बाई म्हणाल्या. “चांगल्यानेच तर छळलंय.”

आता दोन्ही फुटपाथना सगळं कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मागच्यांना टेबलाची आणि खांबाची गोष्ट थोडक्यात सांगितली. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगितली. पलीकडे पुढच्या रांगेतल्या एका मुलीने पाद्र्याची बाही ओढली. “फादर, ते आजोबा का येत नाहीत?”

“लाल आहे, बाळ.”

“पण त्यांना यायचंय ना?”

पाद्री बिचारा पेचात पडला. एकीकडे सिग्नल, दुसरीकडे लग्न लागायची शक्यता. दोन्ही त्याच्याच खात्यातल्या गोष्टी. त्याने आकाशाकडे बघितलं, मग मुलांकडे. “मुलांनो,” तो म्हणाला, “आता आपण डोळे मिटून एक प्रार्थना म्हणू. लांबलचक. मी सांगेपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत.”

बत्तीस मुलांनी डोळे मिटले. वेटरनेही मिटले, तो काही मूल नव्हता, पण त्याला भानगडीत पडायचं नव्हतं. होफराट झोपलेले, फ्लोरा झोपलेली. अख्ख्या गल्लीत बघणारं कोणी नव्हतं. इतकी सोय या शहराने कुठल्या बादशहाचीही केली नसेल.

“जा,” मी म्हणाले.

प्रुकनर हलले नाहीत.

“इन्स्पेक्टर!”

“मधल्या रांगेतलं डावीकडून चौथं,” ते पुटपुटले, “बोटांतून बघतंय.”

तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्याकडे नीट बघितलं. कपाळावर घाम होता, पण चेहरा शांत होता, घरात असल्यासारखा शांत. वीस मिनिटं मी सिग्नलला शिव्या देत होते. या माणसाने एकदाही दिली नव्हती.

प्रार्थना संपली. चर्चची घंटा वाजू लागली. बारा ठोके, एकेक मोजून. बाराव्या ठोक्यानंतर प्रुकनरांनी टोपी काढली.

“ब्लाशेकच्या घड्याळात अजून बारा व्हायचेत,” त्स्वेटलरबाई म्हणाल्या. आवाज आता थोडा कापत होता. “ते सहा मिनिटं मागे आहे. ओबर साहेब, आहे ना?” त्यांनी वेटरला विचारलं.

“बाई, ब्लाशेकचं घड्याळ बरोबर आहे,” वेटर म्हणाला. “चर्चचं पुढे आहे.”

असं म्हणणारा वेटर मला त्या क्षणी मिठी मारण्यालायक वाटला. आणि तेवढ्यात, खात्याचा माणूस आलेला नसताना, कोणी हातही लावलेला नसताना, सिग्नलमध्ये खट् असा आवाज झाला. लाल जोडपं गेलं, हिरवं आलं. हातात हात घालून निघालेलं.

काय आरोळी उठली! दोन्ही बाजूंनी माणसं उतरली. मुलं गाणं म्हणत इकडे आली, आम्ही तिकडे गेलो. मध्यावर मेणबत्त्या, बाबागाडी, सायकल, होफराट सगळं एकमेकांत गुंतलं. कोणीतरी मला मिठी मारली, डॉक्टरीणबाई रडल्या. पलीकडे पोहोचून मी वळून बघितलं. तिकडच्या फुटपाथवर पांढऱ्या झग्यांच्या मधोमध प्रुकनर जिथे होते तिथेच उभे होते.

“या ना!” मी किंचाळले. “हिरवा आहे!”

“दिसतोय,” ते म्हणाले. “पण आत्ताच सुरू झालाय. बंद पडलेली लिफ्ट चालू झाली की पहिली खेप रिकामी सोडायची, मागिस्टर बाई. नियम आहे. दुसऱ्या खेपेला येतो.”

“अहो, ही गल्ली आहे! गल्ली कुठे पडणार आहे?”

“असं सगळेच म्हणतात,” प्रुकनर म्हणाले.

हिरवं जोडपं लुकलुकलं आणि विझलं. पुन्हा लाल.

मी त्स्वेटलरबाईंकडे बघायला धजत नव्हते, पण बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या. हातमोज्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचा हात एकदा बघितला की माप कळतं. त्यांनी तसं यांच्याकडे बघितलं. मग सुटकेस उचलली आणि फुटपाथवरून खाली उतरल्या. लालवर! बत्तीस मुलांसमोर, पाद्र्यासमोर, दिवसाढवळ्या. कॉफी सांडू नये म्हणून त्या हळू चालत होत्या. सात पावलं. शेवटच्या पावलापर्यंत आम्हाला सगळ्यांना वाटलं की आता, आता होणार. प्रुकनरांनाही वाटलं. ते हसले, देवाशपथ, लहान पोरासारखे हसले, आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

बाईंनी त्या हातांत कप ठेवला.

“ब्लाशेकचा आहे,” त्या म्हणाल्या. “परत द्या. माझी ट्राम या बाजूने जाते.”

त्या गेल्या. पाठ कडक, सुटकेस उजव्या हातात. मुलं बाजूला झाली. कोपऱ्यावरून वळताना त्यांनी मागे बघितलं नाही, मी लक्ष ठेवून होते.

दुसऱ्या खेपेला प्रुकनर आले. सिग्नल हिरवा होता, त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, आणि दोन्ही हातांनी कप धरून गल्ली ओलांडली. थेंबही सांडला नाही. ते ब्लाशेकमध्ये गेले, खांबापाशी क्षणभर घुटमळले आणि खिडकीतल्या तिच्या टेबलावर बसले. कप समोर ठेवला. वेटरने न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

माझे बाकीचे लोक बाहेर ताटकळत होते, त्यांना मी होफराटांच्या हवाली केलं आणि आत गेले. मला राग आला होता. इतका राग मला माझ्या दोन्ही नवऱ्यांचा मिळूनही कधी आला नसेल. रडू येत होतं म्हणून जास्तच. मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले नाही.

“इन्स्पेक्टर, गाडी एकची आहे. आत्ता बारा दहा झालेत. टॅक्सी केलीत तर वीस मिनिटांत स्टेशनवर. तिच्या आधी पोहोचाल.”

त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला. तिची, उरलेली, गार झालेली.

“ऐकताय का? फलाटावर उभे राहा. काही बोलू नका हवं तर. नुसती सुटकेस हातातून घ्या.”

“हे टेबल चांगलं आहे,” ते म्हणाले. “इथून सगळी गल्ली दिसते. माझ्या टेबलावरून फक्त खांब दिसायचा.”

“प्रुकनर!” सगळं कॅफे वळून बघू लागलं, बघू दे. “उठा! अजून वेळ आहे. उठा आणि जा!”

त्यांनी कप बशीत ठेवला, कपाचा कान सरळ रेषेत यावा म्हणून थोडा फिरवला, आणि खिडकीबाहेर बघितलं.

“लाल आहे,” ते म्हणाले.

मी वळून बघितलं. हिरवा होता.